बापाचं नाणं

नॉरफोकमधल्या त्या दोन भावांच्या शेतांमधे एक कुंपण होतं आणि अकरा वर्षांचं वैर. बापाने युद्धातून आणलेलं, मधे भोक असलेलं इजिप्तचं नाणं तो वारला तेव्हा कपाटात सापडलं नाही. थोरल्या नेव्हिलने दफनाला जमलेल्या अख्ख्या गावासमोर धाकट्या क्लाइव्हला चोर ठरवलं होतं.

आज कुंपणालगतच्या सफरचंदाच्या झाडाखाली नेव्हिलचा मेटल डिटेक्टर किंचाळला. त्याने गवताचा थर कापून अलगद उचलला आणि खाली उकरलं. मरायच्या महिनाभर आधी बापाने स्वतःच्या हातांनी पुरलेल्या कुत्र्याचा पट्टा वर आला. पट्ट्याला तारेने घट्ट बांधलेलं होतं तेच नाणं.

"काय रे," पलीकडून क्लाइव्ह नेहमीसारखा खेकसला, "सापडला का तुझा चोर?"

खणलेलं कुणाला कळू नये असा खड्डा बुजवायचा, हा या छंदाचा नियमच. नेव्हिलने पट्टा आत टाकला, माती लोटली, गवत जागच्या जागी बसवलं आणि बुटाने नीट दाबलं.



"बाटलीचं झाकण निघालं. तू तुझं काम बघ, चोरा!"