तिसरी चौकट

"सर, तुमच्या धोंडूतात्याची बायको कायम पाठमोरी का असते?" सत्कार समारंभात निवेदिकेने विचारलं. व्यंगचित्रकार गंगाधरपंतांनी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. पहिल्या रांगेत त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, पदर घट्ट आवळून घेतला.

वर्तमानपत्रातल्या त्या तीन चौकटींत धोंडूतात्या रोज पंतांसारखीच नवी फजिती करून घ्यायचा आणि त्याची बायको ओट्याशी उभी असायची. तो अंबाडा, ते नेसणं विमलाबाईंचंच, हे अख्खं गाव ओळखून होतं.

घरी पाऊल टाकताच त्या कडाडल्या. "अहो, जन्मभर ओट्याशी उभं केलंत मला! तोंड दाखवायच्या लायकीची नव्हते का मी?"

पंत कुंचला पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, मी ज्याचा चेहरा काढतो त्याला लोक हसतात. तुला कुणी हसलेलं मला नसतं चाललं."

विमलाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. पण गप्प बसतील तर त्या कसल्या!

"आणि तिकडे तोंड करून मी काय करत होते, ते माहितेय? चहा समजून कुंचल्याचं पाणी प्यायलात, ते आठवतंय ना? पदर तोंडात कोंबून हसत होते मी!"

दोन दिवसांनी लोकांनी पेपर उघडला. तिसऱ्या चौकटीत बायको पहिल्यांदाच वळली होती, तोंडात पदर, डोळ्यांत हसून हसून पाणी.

आणि धोंडूतात्या पाठमोरा होता.