चेन वाजू नये म्हणून

"हे ग्रीस कोण्या गाढवानं लावलं?" भैय्याजीनं सायकलची चेन बोटानं उचलून विचारलं.

"मीच लावलं," चंपत म्हणाला. "अन् तोंड सांभाळून बोल."

सदर बाजारातल्या आपल्या सायकलच्या दुकानात भैय्याजी कोणाशीच गोड बोलत नसे. चंपतही कुठे बोलत नसे, म्हणून दोघांचं बरं जमायचं. भैय्याजीनं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. काळ्या ग्रीसमध्ये तांबडा मुरूम कालवला गेला होता.

"काटोल नाक्यापलीकडं राहतं ना तू? रस्ता मुरमाचा, त्यात पाणी. ग्रीसले मुरूम चिकटते अन् चेन दळण दळते. वाजंन नाही तं काय?"

सायकल जड चालते की हलकी, याचं चंपतला काही नव्हतं. छापखान्यातून घरापर्यंत ती त्याला नेतच होती. त्याला ती मुकी हवी होती.

घरात त्याची आई भागीरथाबाई आणि बायको शामला यांचं हाडवैर पेटलं होतं. रोज संध्याकाळी हा फाटकात पाय ठेवतो तर आत भांडी आदळत असायची. आई म्हणे सुनेनं सुरुवात केली, सून म्हणे सासूनं. दोघीही इतक्या तोडीस तोड की कोणाचं खरं मानावं, हे ब्रह्मदेवालाही कळू नये.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी चंपत आला की घर चिडीचूप व्हायचं. वरणात मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं, शामलाच्या पाठीत धपाटा बसायचा, आणि दोघी मुकाट्यानं खरकटं उचलायच्या. घरात वचक होता, असं त्याचं मत. आता त्या कल्लोळात त्याच्या ओरडण्याला कुत्रं विचारत नव्हतं. दोन घास गिळून तो पानठेल्यावर जायचा आणि दोघी झोपल्यावरच परतायचा. आपल्याच घरातून आपण हाकलले गेलो, हे त्याला फार लागलं होतं.

शेवटी त्यानं बजावलं होतं. "ज्या दिवशी सुरुवात करणारी माह्या कानानं ऐकली, त्या दिवशी तिनं गाठोडं बांधायचं. आई असो का बायको."

आईला धाकट्या सुनेनं एकदा घराबाहेर काढलं होतं, आणि शामलाचे आईबाप कधीच वारले होते. दोघींना जायला जागा नव्हती. चंपतला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच धमकी त्याला आवडली होती.

पण ऐकू कसं येणार? चेन वळणावरूनच कुईं कुईं करत त्याची वर्दी द्यायची. तो दारात पोहोचेस्तोवर भांडण ऐन रंगात आलेलं असायचं.

त्यानं खोबरेल लावून पाहिलं. पहिल्या सरीनं ते धुऊन नेलं. शिलाई मशीनचं तेल पातळ, ते जेमतेम नाक्यापर्यंत टिकलं. त्यात भागीरथाबाई रोज सकाळी सायकलवर बादलीभर पाणी ओतायची.

"काहून धुतली?" तो खेकसला होता.

"चिखल होता गा. माहा पोरगा मळक्या सायकलवर जाईन काय?"

एरवी सासूच्या शब्दाला शब्द देणारी शामला त्या दिवशी चुलीपुढे गप्प बसून राहिली. आणि चेन धुवायला त्यानं रॉकेल मागितलं, तर म्हणाली, सरलं. चंपतनं मनात दोघींचीही नोंद केली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"मंग लावू काय?" त्यानं आता भैय्याजीला विचारलं.

"रॉकेलमधी घास. सुकू दे. मंग ट्रकच्या गिअरचं जाड तेल घे, एकेका कडीच्या पोटात एकेक थेंब सोड. दिवसभर मुरू दे, अन् वरून पुसून कोरडी कर. आतलं तेल आपलं, वरचं तेल मुरमाचं. अन् मले सांगू नको, तूच कर हात काळे."

चंपतनं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजीच्याच रॉकेलनं चेन धुतली, सुकल्यावर तेल सोडून सायकल दुकानातच ठेवली आणि छापखान्यात गेला. संध्याकाळी चेन अशी पुसली की बोटाला डाग लागेना.

पाऊस लागलेलाच होता. नाक्यापलीकडे मुरूम चाकांवरून उडत होता, पाणी पायडलपर्यंत येत होतं, पण चेन ब्र काढीना. चंपतला कित्येक महिन्यांत एवढा आनंद झाला नव्हता. आज एकीचं गाठोडं बांधलं जाणार होतं. कोणाचं, याची त्याला नुसती उत्सुकता होती.

वळण गेलं. फाटकाबाहेरच उतरून त्यानं सायकल कुंपणाला टेकवली आणि स्वयंपाकघराच्या कुडाला कान लावला.

आत भांडण नव्हतं. कोणीतरी हसत होतं. आपण दुसऱ्याच्या घराशी आलो की काय, असं त्याला क्षणभर वाटलं. त्यानं कुडाच्या फटीतून पाहिलं. सासू-सून एकाच ताटात भाकर मोडून जेवत होत्या, त्याच्या आधी.

"आज उशीर झाला वाटते, मामी," शामला सासूला म्हणाली. "चेन नाही वाजली अजून."

"वाजंन. तू पोटभर जेव." भागीरथाबाईनं आपला कांदा तिच्यापुढे सरकवला. "वाजली की गंज-परात आदळजो. काल मी सुरू केलं होतं, आज तुही पाळी."

शामलानं घास हातात धरला. "रोज रोज घसा बसते, मामी. एखाद्या दिवशी नाही भांडलो तं?"

"मंग तो घरी राहीन वं."