मानेवरचा डाग
मुलुंडच्या टेक्निकल शाळेत कमर्शियल आर्ट शिकणारी वनमाला फोटोतले डाग ब्रशने लपवण्यात वर्गात पहिली होती, पण आज घरी तिचं बूड एका जागी टिकत नव्हतं. थोरल्या बहिणीचा, शेवंताताईचा फोटो मुलाकडच्यांना पाठवायचा होता आणि तिच्या मानेवर कोडाचा डाग होता. “तेवढा पूस गो, शिकतेस ते कामाला तरी येऊ दे,” असं सांगून आई नळावर गेली. वनमाला दोनदा उठून पाणी प्यायली, मग तिने त्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या डागावर राखाडी रंग भरला. डाग गेला. ताईने फोटो न्याहाळला. “झकास दिसते. पण लग्न या फोटोतलीचं लावणार का?” “तायडे, डाग ठेवला तर आई मारेल मला.” “आणि नवरा मान बघेल, तेव्हा मला कोण वाचवेल?” वनमालाने ओला कापूस फिरवला. डाग परत उमटला. तेवढ्यात जिन्यात आईची बादली वाजली. ताईने फोटो पाकिटात सारला आणि जिभेने पाकीट चिकटवलं.