पाण्याचा सदका

रमजानच्या दहाव्या रोजाला जावेची विहीर आटल्याचं कळलं आणि खैरुन्निसाचं कशातच लक्ष लागेना. बांधावरच्या फणसावरून दोघींत नऊ वर्षं अबोला होता. पण रुसलेल्या नातलगाला दिलेला सदका हे सगळ्यांत मोठं दान, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

दुपार कलल्यावरची असरची नमाज आटोपून तिनं आपल्या विहिरीचं पाणी भरलं आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढली. जावेच्या दारात पोचली तेव्हा घशाला कोरड पडली होती.

मरियमनं दार उघडलं. हंडा बघून तिचा चेहरा ताठरला. "सदका आणलास? मी भिकारीण वाटले तुला?"

वाटेत ठरवलेलं सगळं बोलणं खैरुन्निसा विसरली. "भाभी, आधी हंडा उतरव गं. मान मोडतेय माझी."

मरियम उंबरठा ओलांडून पुढे आली. मग तिनं हंडा उतरवला आणि ओढणीनं खैरुन्निसाच्या कपाळावरचा घाम टिपला.

"रोजा धरून एवढी चढण? वेडी कुठली! आता इफ्तार करूनच जा."

मगरिबची बांग झाली, तसा दोघींनी एकाच ताटलीतला खजूर उचलला. नऊ वर्षांचं बोलणं साचलं होतं. रात्रीच्या तरावीहच्या नमाजची वेळ झाली तरी संपेना.