वांग्यांची चाचणी

कोडोलीतल्या गौराबाईंच्या रानात चाचणीच्या दोन ओळी होत्या. एकीत अळीला दाद न देणारी, जनुक बदललेली नवी वांगी. दुसरीत आपली नेहमीची. दोन्हींना औषध मारायचं नाही, हात लावायचा नाही, अळी पडली तर पडू द्यायची. तरच दोन्हींतला फरक कळणार. बाईंना हे चारदा बजावलं होतं. तीन महिने दर सोमवारी मी अळ्या मोजायला येत होतो, दोन्हीकडं शून्य! आज तासभर लवकर पोचलो, तर बाई शेंड्यांतल्या अळ्या काढून रॉकेलच्या डब्यात टाकत होत्या. “अहो, हात लावू नका म्हटलं होतं ना!” “डोळ्यादेखत पीक किडताना बघत बसू व्हय?” “मग अहवालात काय लिहू, माझं कपाळ?” त्यांनी डबाच पुढं केला. “अळ्या मोजायच्यात न्हवं? मोजा की.” “ह्या कुठल्या ओळीतल्या?” “दोन्हीतल्या. मी दुजाभाव करत न्हाय.”