अर्धी गोळी

सासूबाईंना जाऊन आठवडा झाला, तरी रोज सकाळी सातला मागच्या खिडकीवर टकटक व्हायची. भास असेल म्हणून सून बाळाला पाजत बसायची. आज तिनं धीर करून खिडकी उघडली. शेजारच्या आजी हात पसरून उभ्या होत्या. "माझी अर्धी गोळी दे गं. तुझी सासू रोज द्यायची. ती गेल्यापासून डोकं भणभणतंय. मला कोण नेणार दवाखान्यात?" बीपीची गोळी सून स्वतः सासूबाईंच्या हातावर ठेवायची. "घेते गं, तू बाळाला बघ," म्हणत त्या मागे जायच्या. बीपी उतरत कसं नाही, हे डॉक्टरांनाही शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. सुनेनं उरलेल्या गोळ्या आणल्या. "दवाखान्यात मी नेते. तोवर ही अख्खी घ्या." आजींनी सवयीनं गोळी मोडली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी खिडकीत ठेवली. "ही तिची."