पोटावरचे डाग

चुलीत विळा लाल होत होता. खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजत होता.

“आजी, बाळाला डागू नका. पोट फुगलंय, दवाखान्यात नेऊ,” रुपंती पुन्हा म्हणाली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या आरोग्य इंटर्नशिपवर ती मेळघाटात आली होती. गटात कोरकू बोलणारी ती एकटीच, म्हणून जीपमध्ये थांबलेल्या मॅडमनी तिलाच वर पाठवलं होतं. शिकवलेलं सगळं सांगून झालं. म्हातारीने फक्त विळ्याची बाजू पालटली.

रुपंतीने झटक्यात कुर्ता वर केला. बेंबीभोवती जुने, काळपट चट्टे होते. होस्टेलवर इतकी वर्षं काढली, पण तिने ते कुणाला दिसू दिले नव्हते.

म्हातारी वाकून बघत राहिली. मग बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सुनेला म्हणाली, “बघ. हिलाही डागलं होतं. जगली, शिकली, आता जीपमधून फिरते.”

पुन्हा हॉर्न वाजला. रुपंतीने कुर्ता खाली ओढला.

“आम्ही जुळे होतो,” ती म्हणाली. “भावालाही त्याच विळ्याने डागलं. तो गेला.”

म्हातारीचा हात चुलीपाशीच थांबला. सुनेने बाळाला पदरात गुंडाळलं.

“ताई,” तिने विचारलं, “गाडी थांबेल ना?”